वीस लाखांची रेघ आणि मोंढ्यातील दुकान

इलेक्ट्रॉनिक देयकांच्या व्यवसायातील कंपन्यांची 'पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडिया' ही संघटना देशाच्या राजधानीत आणि मुंबईत परिचित असली, तरी नांदेडच्या नव्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत तिचे नाव क्वचितच कोणी ऐकले असेल. या संघटनेने मार्च २०२५ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. 'यूपीआय'च्या व्यवहारांवर कोणतेही शुल्क न आकारण्याच्या धोरणाचा फेरविचार करावा, मोठ्या व्यापाऱ्यांकडून ०.३० टक्का शुल्क घेण्याची मुभा द्यावी आणि रुपे डेबिट कार्डावर सर्वच व्यापाऱ्यांना नाममात्र शुल्क लावावे, अशी तिची मागणी होती. पुढे तीन महिन्यांनी या शुल्काची चर्चा वृत्तपत्रांतून रंगू लागली तेव्हा, ११ जून २०२५ रोजी, केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खुलासा करून हे सारे निराधार व दिशाभूल करणारे असल्याचे जाहीर केले. प्रकरण तेवढ्यापुरते थंडावले. मात्र ते मिटले, असे समजण्याचे कारण नाही. त्यानंतर ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी, या व्यवस्थेचा खर्च कोणाला तरी उचलावाच लागेल, अशा आशयाचे मत व्यक्त केले. मागणी नाकारली गेली, पण ती ज्या हिशेबातून निघाली तो हिशेब कोणी खोडून काढलेला नाही.

हा हिशेब आधी नीट समजून घ्यावा लागतो. ग्राहकाने कार्ड किंवा मोबाइल वापरून पैसे दिले, की दुकानदाराच्या खात्यात ते पोहोचेपर्यंत दोन बँका, मधली यंत्रणा आणि दुकानात यंत्र वा क्यूआर फलक बसविणारी कंपनी असे अनेक हात त्याला लागतात. या सर्वांचा मोबदला दुकानदाराच्या रकमेतून कापला जातो. त्यालाच 'मर्चंट डिस्काउंट रेट' किंवा एमडीआर म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून डेबिट कार्डाच्या या शुल्कावर कमाल मर्यादा घातली आणि १ जानेवारी २०१८ पासून व्यापाऱ्यांचे दोन गट पाडले. आदल्या आर्थिक वर्षात ज्याची उलाढाल वीस लाख रुपयांपर्यंत आहे तो लहान, त्याच्या पलीकडचा मोठा. लहानाला कार्ड-यंत्रावर ०.४० टक्का, मोठ्याला ०.९० टक्का. क्यूआर असेल तर दोघांनाही त्याहून थोडे कमी. त्यानंतर २०१९ च्या अर्थसंकल्पाने ही सगळी गणिते बाजूला सारली. 'पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स' या २००७ च्या कायद्यात दहा-अ हे कलम घालण्यात आले आणि १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवर ना ग्राहकाकडून, ना दुकानदाराकडून, कोणतेही शुल्क घ्यायचे नाही, असा दंडक आला. त्याच वेळी वार्षिक पन्नास कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना हे दोन्ही मार्ग ग्राहकासाठी उपलब्ध ठेवण्याची सक्ती झाली, आणि न ठेवल्यास दिवसाला पाच हजार रुपयांचा दंडही लागू झाला.

उद्योगाचे म्हणणे असे की, सरकारने सेवेची किंमत शून्य ठरवली, पण सेवेचा खर्च शून्य झाला नाही. यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेल्या चर्चापत्रात, दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या सरासरी आठशे रुपयांच्या व्यवहारामागे सर्व घटकांना मिळून सुमारे दोन रुपये खर्च येतो, असा अंदाज मांडला होता. म्हणजे साधारण पाव टक्का. हा खर्च भरून काढण्यासाठी केंद्र सरकार दरवर्षी प्रोत्साहन योजना आखते. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०२४-२५ साठी पंधराशे कोटींची योजना मंजूर केली. लहान व्यापाऱ्याला मिळालेल्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्का रक्कम बँकांना व सहभागी कंपन्यांना देण्याची ती तरतूद होती. संघटनेच्या मते प्रत्यक्ष गरज दहा हजार कोटींच्या घरात आहे. हा आकडा मागणी करणाऱ्यानेच मांडलेला असल्याने तो जसाच्या तसा घेण्याची आवश्यकता नाही. परंतु ज्या यंत्रणेवरून ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले (हे रुपये नव्हेत, व्यवहारांची संख्या), ती दरवर्षीच्या सरकारी मर्जीवर फार काळ चालवता येणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

प्रश्न उरतो तो 'मोठा व्यापारी' कोणाला म्हणायचे हा. आणि नांदेड-लातूरच्या वाचकाने डोळे उघडून पाहावे असे जे काही आहे, ते इथेच आहे. संघटनेच्या मांडणीत वीस लाखांचीच रेघ गृहीत धरली होती. देशातील नव्वद टक्के व्यापारी या रेघेच्या खाली आहेत, तेव्हा शुल्काचा भार फक्त वरच्या काही लाखांवर पडेल, असा तिचा युक्तिवाद. ऐकायला तो निरुपद्रवी वाटतो. पण वीस लाखांना तीनशे पासष्टने भागून पाहावे. दिवसाला साडेपाच हजारांपेक्षाही थोडी कमी विक्री! वजिराबादेतील किंवा औसा रस्त्यावरील बेताचे किराणा दुकान, औषधांचे दुकान, शिकवणी वर्गांच्या परिसरातील एखादी खानावळ या आकड्याच्या वर सहज जाते. लातूरमध्ये शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांचा खर्च बव्हंशी मोबाइलवरूनच होतो. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबपासून येणारा भाविकही आता खिशात नोटांची चळत घेऊन फिरत नाही. तेव्हा या शहरांतील साधा दुकानदार मुंबईच्या मॉलच्या पंगतीत जाऊन बसतो, तो केवळ एका रेघेमुळे.

ज्याची यूपीआयने होणारी विक्री दिवसाला दहा हजार रुपये आहे, त्याचे ०.३० टक्क्याने दिवसाचे तीस रुपये जातील, वर्षाचे दहा हजार नऊशे पन्नास. शुल्कावरचा अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर जवळपास तेरा हजार. या रकमेने कोणी देशोधडीला लागणार नाही, हे मान्य. पण किराण्यात तेल, साखर, डाळ या मालावर सुटणारा नफा इतका पातळ असतो की, पाव-अर्धा टक्काही दुकानदार बोटांवर मोजतो. शिवाय आज त्याला काहीच खर्च नाही, असेही नाही. पैसे जमा झाल्याची घोषणा करणारा जो छोटा ध्वनिपेटीचा डबा गल्ल्यावर ठेवलेला असतो, त्याचे मासिक भाडे बहुतेक ठिकाणी आकारले जातेच. म्हणजे शुल्क कायद्याने बंद झाले आणि भाड्याच्या रूपाने मागच्या दाराने आले.

किमान उलाढालीची रेघ कोठे असावी, याचे मापदंड कायद्यातच इतरत्र सापडतात. मालाचा व्यापार करणाऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे चाळीस लाखांपर्यंत लागत नाही. त्याच कराची आपसमेळ योजना दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला लहान समजते. प्राप्तिकरातील अनुमानित नफ्याची सवलत तर, रोखीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर, २०२३ च्या वित्त कायद्याने तीन कोटींपर्यंत नेली. एकाच दुकानदाराला एक खाते लहान म्हणते, दुसरे मोठे म्हणते. वीस लाखांचा आकडा २०१७ मध्ये ठरला, तेव्हापासूनच्या महागाईचा विचारही त्यात नाही. शुल्क कधी काळी आलेच, तर ते दीड कोटींच्या वरून सुरू व्हावे, असे आमचे मत आहे. त्यामुळे मोठ्या साखळी दुकानांकडून आणि ऑनलाइन विक्री कंपन्यांकडून खर्च वसूल होईल आणि मोंढ्यातील दुकान त्यातून बाहेर राहील. ब्राझीलमध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने २०२० मध्ये 'पिक्स' ही अशीच यंत्रणा सुरू केली तेव्हा व्यक्तींना ती मोफत ठेवली आणि व्यावसायिकांकडून शुल्क घेण्याची मुभा बँकांना दिली. तेव्हा शुल्क म्हणजे पाप, असे मानण्याचेही कारण नाही.

मात्र शुल्कावरच सारी चर्चा अडकून राहावी, यात उद्योगाचे हित आहे. व्यापाऱ्याचे आणि शेतकऱ्याचे नाही. मराठवाड्यात रोखीचा वापर अजून का टिकून आहे, याचे उत्तर ०.३० टक्क्यात सापडत नाही.

लातूरचा आडत बाजार पाहा. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या हंगामात लातूर, धाराशिव, बीडच नव्हे, तर शेजारच्या बिदर जिल्ह्यातूनही माल येथे येतो. वजन होते, सौदा होतो, पट्टी तयार होते, आणि शेतकऱ्याला पैसे हवे असतात ते त्याच दिवशी, हातात. हमाल आणि तोलणार यांची मजुरी तर रोज रोखच. अशा ठिकाणी केंद्राने २०१९ च्या अर्थसंकल्पात, वर्षाला एक कोटीहून अधिक रोख बँकेतून काढल्यास त्या पलीकडच्या रकमेवर दोन टक्के कर उगमस्थानी कापण्याची तरतूद केली आणि ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू केली. ज्या आडत्याला हंगामात वीस कोटी रुपये काढून शेतकऱ्यांना द्यावे लागतात, त्याचे अडतीस लाख रुपये विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकून पडणार. आडत्याचा खेळ भांडवल फिरवण्यावर चालतो. त्यात ही रक्कम थोडी नव्हे. देशभरातील बाजार समित्यांतून याला विरोध झाला. वीस दिवसांच्या आत, २० सप्टेंबर २०१९ रोजी, अधिसूचना निघाली आणि बाजार समितीच्या कक्षेतील नोंदणीकृत आडते व व्यापारी यांनी शेतमालाच्या खरेदीपोटी शेतकऱ्यांना देण्यासाठी काढलेली रोख या कपातीतून वगळण्यात आली. बँकेला आपला पॅन कळवून तसे प्रमाणित करण्याची अट तेवढी घालण्यात आली.

व्यापारी संघटित असले आणि त्यांचे म्हणणे नेमके असले, तर नियम किती लवकर बदलतो, याचे हे उदाहरण आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सवलत मिळाली ती रोखीसाठी. शेतकऱ्याला खात्यावर पैसे घेणे सोयीचे व्हावे, म्हणून त्याच त्वेषाने कोणी दिल्लीला गेले नाही. खात्यावर रक्कम आली की थकीत कर्जापोटी बँक ती अडवून ठेवते, ही शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे. घरात लग्न किंवा दवाखाना निघालेला असतो तेव्हा त्याला हा धोका परवडत नाही. त्यात नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत, अवघ्या सहा दिवसांत, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई करण्यात आली. ज्या बँकेत गावाचे खाते तीच बँक एका परिपत्रकाने बाजूला पडते, हा अनुभव मराठवाडा विसरलेला नाही. आडत्यांच्या संघटनेला आवाज आहे, देयक कंपन्यांच्या संघटनेला त्याहून मोठा आहे. पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याची मात्र या विषयावर कोणतीही संघटना बोलत नाही.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या, आयडीबीआय बँकेतील खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये एनईएफटी व आरटीजीएसच्या मार्गाने परस्पर वेगवेगळ्या खात्यांत वळते झाले. शहराला हादरवून टाकणारा हा प्रकार होता. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला चौऱ्याण्णव कोटींचा फटका बसला होता. लहान सहकारी बँका मोठ्या बँकेच्या आधारानेच या यंत्रणांशी जोडल्या जातात. तेव्हा चोरी झाल्यावर दोष कोणाच्या दारात नेऊन ठेवायचा, हा वाद अटळ ठरतो. सामान्य खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला. त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर खातेदारावर तोशीस नाही, चार ते सात दिवसांत दिली तर मर्यादित. जुलैत हा नियम व्यापारी बँकांना लागू झाला, सहकारी बँकांच्या ग्राहकांना त्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. यातही जो ग्राहक भुलून स्वतःच सांकेतिक क्रमांक सांगून बसतो, त्याला संरक्षण जवळपास नाहीच. नेमके बहुतेक फसवणुकीचे प्रकार याच मार्गाने होतात, हे उद्योगाला ठाऊक आहे. संघटनेने पंतप्रधानांकडे केलेली मागणी उत्पन्नाविषयीची होती. फसवणुकीचा भार वाटून घेण्याची तयारी ती तितक्याच आग्रहाने मांडील, तर तिच्या शुल्काच्या मागणीला वजन येईल.

तिसरा मुद्दा दुकानदाराला अधिक टोचणारा आहे. कोठे तरी सायबर गुन्हा घडतो, त्यातील पैसा फिरत फिरत एखाद्या निरपराध व्यापाऱ्याच्या खात्यात खरेदीपोटी येतो आणि परराज्यातील पोलिसांच्या पत्रावरून खाते गोठवले जाते. रक्कम असते पाचशे-हजाराची, अडकते पूर्ण खाते. मे २०२५ मध्ये विदर्भातील पेट्रोल पंपचालकांनी याच कारणासाठी १० मेपासून डिजिटल देयके न स्वीकारण्याचा इशारा दिला होता. पंपचालकांचा हा मार्ग नवा नाही. नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये, कार्डावर एक टक्का शुल्क लावण्याचे बँकांनी जाहीर करताच देशभरातील पंपचालकांनी कार्डे नाकारण्याची घोषणा केली आणि सरकारला तातडीने मध्यस्थी करून हा भार ग्राहकावर वा पंपचालकांवर पडणार नाही, अशी ग्वाही द्यावी लागली. पंपचालकाकडे पंप बंद ठेवण्याचे हत्यार आहे. भाजीवाल्याकडे काय आहे? फार तर फलक उलटा करून ठेवणे.

आणि तेही घडले आहे, आपल्या सीमेपलीकडे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून लहान विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या. त्यात करमुक्त माल विकणारेही होते. बेंगळुरूतील दुकानांवरून क्यूआर फलक उतरले, 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या, बंदचा इशारा देण्यात आला आणि अखेर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना मागील थकबाकीचा तगादा न लावण्याचे आश्वासन द्यावे लागले. उदगीर, देवणी, देगलूर ही गावे कर्नाटकाला लागूनच आहेत. तेथील व्यापाऱ्याने ही बातमी ज्या अर्थाने वाचली असेल, तो अर्थ सोपा आहे: मोबाइलने घेतलेला रुपया दिसतो, रोखीचा दिसत नाही. कर चुकवण्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु वर्षानुवर्षे 'शुल्क नाही, काळजी नको' असे सांगून ज्याला या व्यवस्थेत आणले, त्याच्या नोंदी कोण, कशासाठी आणि किती मागे जाऊन पाहणार, हे त्याला आधी सांगायला हवे होते.

लहान गावांत ही साधने पोहोचावीत, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये एक निधी उभारला आणि पुढे त्याची मुदत डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. यंत्रे व क्यूआर फलक यांच्या खर्चाचा काही भाग त्यातून दिला जाई. तिसऱ्या ते सहाव्या श्रेणीतील केंद्रांसाठी तो होता. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत एक लाखाहून अधिक वस्तीचे प्रत्येक शहर पहिल्या श्रेणीत मोडते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांच्या पुढे, म्हणून ती थेट मुंबईच्या रांगेत. लाखाचा उंबरा जेमतेम ओलांडलेले उदगीरही तेथेच! निलंगा, मुखेड, किनवट मात्र पात्र. रेघा ओढणाऱ्यांना नकाशा दिसतो, गाव दिसत नाही, याचा हा आणखी एक मासला.

नियम करणाऱ्या मंडळाची रचनाही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. रतन वाटल समितीने डिसेंबर २०१६ मध्ये, देयकांच्या नियमनासाठी रिझर्व्ह बँकेपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र मंडळ असावे, अशी शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपली भिन्नमत-टिपणी जाहीरपणे प्रसिद्ध करून त्याला विरोध केला. सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात तेव्हा जो खटका उडाला, त्यातील हे एक प्रकरण. अखेर मे २०२५ मध्ये 'पेमेंट्स रेग्युलेटरी बोर्ड'ची नियमावली आली. सहा सदस्य, गव्हर्नर अध्यक्ष, रिझर्व्ह बँकेचे आणखी दोघे आणि केंद्राने नेमलेले तिघे. व्यापारी, ग्राहक किंवा सहकारी बँका यांच्यासाठी राखीव जागा त्यात नाही. नव्या नियमांचे मसुदे संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि त्यांवर हरकती मागवल्या जातात, हे खरे. पण त्या मसुद्यांची कायदेशीर इंग्रजी भाषा आणि काही आठवड्यांची मुदत पाहता, हरकती पाठवणार कोण, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे त्यासाठी पगारी वकील आहेत ते.

त्याचे फळही दिसते. यूपीआयच्या एकूण व्यवहारांत कोणत्याही एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये केला. दोन कंपन्यांच्या हाती मिळून ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार असल्याने त्याची मुदत आधी डिसेंबर २०२४ आणि मग डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे गेली. मोठ्यांना मुदतवाढ मिळते. लहानाला नोटीस येते.

नांदेड आणि लातूर येथे व्यापारी महासंघ आहेत, बाजार समित्या आहेत, सनदी लेखापालांच्या शाखा आहेत आणि नागरी बँकांचे जाळेही आहे. रोख रकमेवरील कपातीच्या वेळी बाजार समित्यांनी जे वीस दिवसांत साधले, ते उलाढालीच्या रेघेबाबत, गोठवलेल्या खात्यांबाबत आणि शेतकऱ्याच्या खात्यावर आलेल्या रकमेच्या संरक्षणाबाबत का साधू नये? मागणी फार लांबलचक असण्याची आवश्यकता नाही. शुल्क आले तर दीड कोटींच्या वर, संशयित रकमेपुरतीच गोठवणी, शेतमालाच्या पट्टीची रक्कम काही दिवस तरी कर्जवसुलीपासून मुक्त, आणि मसुदे मराठीतून. शुल्काचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर येईल तेव्हा देयक कंपन्यांचे निवेदन तयारच असेल. मोंढ्याचे निवेदन अद्याप लिहायचे आहे.